मेल ढकलतं कोण?

आमच्या जालन्याच्या बियाणे कंपनीत दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी पुन्हा साचतात. एक धूळ, दुसरे किस्से. धूळ मशीनच्या हॉलमधून येते. किस्से कुठून येतात ते मात्र मला अजून नीट सापडलेलं नाही. तीच माणसं वर्षानुवर्षं त्याच टेबलांवर डबा उघडत राहिली की कोणीतरी म्हणतं, "त्या वेळचं आठवतं का?" आणि भाजी गार होते.

माझ्या वाट्याचे बहुतेक किस्से फोनवर मेल यायला लागली तेव्हाचे आहेत. मी कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. पूर्वी सगळ्या ऑफिसची मेल एकाच कॉम्प्युटरवर यायची. मी ती उघडायचो, प्रिंट काढायचो आणि गावोगावच्या आमच्या माणसांसाठीचे कागद पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो. मग कंपनीनं सगळ्यांना स्मार्टफोन दिले. मेल आता उघडायला जायचं नाही, ती आपणहून खिशात येणार, असं वरून कळवलं. याला पुश मेल म्हणतात, हे मी मीटिंगमध्ये समजावून सांगितलं. पुश म्हणजे ढकलणे.

सगळ्यात मागच्या खुर्चीवर रऊफभाई बसले होते. जाफराबाद भागातले बीजोत्पादनाचे प्लॉट तेच बघायचे. वयानं आमच्यात सगळ्यात मोठे, आणि शंका आली की ती मिटेपर्यंत न उठणारे. त्यांनी हात वर केला.

"ढकलतं कोण?"

मी म्हणालो, सर्व्हर. पूर्वी आपण पोस्टात जाऊन माझं पत्र आलं का म्हणून विचारायचो, आता पोस्टमन दारात येतो, तसं समजा.

"ते बराबर हाये. पण माझं दार एका जागी न्हाई ना. सकाळी मी जाफराबादेत, दुपारी कुठल्या तरी शेतात. मी कुठं हाये हे त्याला कोण सांगून राह्यलं?"

मी टॉवर, सिग्नल वगैरे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांचं समाधान झालेलं नाही हे दिसत होतं.

पुढच्या महिन्याच्या मीटिंगला रऊफभाई एक वही घेऊन आले. आमचे प्लँट मॅनेजर थोरात साहेब खूश झाले. त्यांना वाटलं, प्लॉटची नोंद एवढी नीट ठेवली आहे. म्हणाले, वाचा. रऊफभाई उभे राहून वाचायला लागले. चिंचेखाली, सकाळी नऊ, मेल नाही. विहिरीच्या काठावर, एक. विहिरीत चार पायऱ्या उतरून, नाही. जीपच्या टपावर बसून, दोन. शाळेच्या ओट्यावर, नाही. साहेब पेन हातात धरून ऐकत राहिले. शेवटची नोंद अशी होती की, टेकाडावरच्या काळ्या दगडावर उभं राहिलं की अडकलेल्या सगळ्या मेल एका दमात येतात. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा आल्या.

साहेबांनी विचारलं, "आणि प्लॉट?"

"प्लॉट चांगले हायेत साहेब. ते कुठूनबी दिसतात."

मी एकदा त्यांच्याबरोबर त्या बाजूला गेल्तो. प्रवाशांनी भरलेली जीप टेकाडाशी आली आणि ड्रायव्हरनं कोणी न सांगता थांबवली. रऊफभाई उतरून दगडावर चढले. त्यांच्या मागे एक शिक्षक, एक पतसंस्थेचा माणूस आणि माहेराहून सासरी निघालेली एक मुलगी, अशी ओळ लागली. सगळे आळीपाळीनं चढून, फोन बघून, खाली उतरले. जीपमधलं कोणी कुरकुरलं नाही. मी विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, हा आता स्टॉपच आहे.

थोरात साहेबांचं दुखणं वेगळं होतं. ते केबिनमधून मेल पाठवायचे आणि मिनिटाभरात बाहेर येऊन विचारायचे, "मेल पाहिली का?" बाहेरगावच्या लोकांना असं विचारता येत नव्हतं, म्हणून ते बेचैन असत. मी त्यांना एक सोय दाखवली. समोरच्यानं मेल उघडली की त्याला फोनवर प्रश्न येतो, वाचल्याचं पाठवणाऱ्याला कळवायचं का? त्यानं हो म्हटलं की आपल्याला पोच मिळते. साहेबांनी त्याच दिवशी ती सगळ्यांसाठी सुरू केली.

आठवड्याभरात सगळ्यांच्या पोच आल्या, फक्त रऊफभाईंची एकही नाही. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, फोन बिघडलाय, बघा. मी फोन तपासला. फोन चांगला होता. रऊफभाईंनी प्रत्येक मेल उघडली होती आणि प्रत्येक वेळी 'नाही' दाबलं होतं. मी त्यांना साहेबांसमोर घेऊन गेलो. साहेबांनी शांतपणे विचारलं, वाचूनसुद्धा 'नाही' का दाबता?

रऊफभाई म्हणाले, "वाचलं हाये साहेब, पण पुरतं समजलं न्हाई. मंग हो कसं म्हणू?"

साहेबांच्या मेल इंग्रजीत असायच्या, एकेक दीड पानाची. दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली मराठी मेल आली, पाच ओळींची. तिची पोच सगळ्यात आधी जाफराबादहून आली.

आता विठ्ठलराव. हे कुंभार पिंपळगावचे, घनसावंगी तालुक्यातलं आमचं सगळं काम त्यांच्याकडे. अक्षर मोत्यासारखं, बोलणं कमी. पूर्वी ते साहेबांना पत्र लिहायचे तेव्हा खाली 'आपला नम्र' लिहून सही करायचे आणि सहीखाली एक रेघ ओढायचे. फोन मिळाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ते बसनं जालन्याला आले, थेट माझ्या टेबलाशी बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले की त्यांच्या पत्रात कोणीतरी ढवळाढवळ करतंय. ते 'आपला नम्र' लिहून संपवतात, आणि तिकडं पोचेपर्यंत त्याच्या खाली इंग्रजीत एक ओळ वाढलेली असते. ऑफिसातलंच कोणी असणार.

मी बघितलं. फोन स्वतःहूनच ती ओळ घालत होता, ही मेल माझ्या फोनवरून पाठवली आहे अशा अर्थाची. मी म्हणालो, हे कोणी माणूस लिहीत नाही, फोन लिहितो.

विठ्ठलरावांनी फोन उलटा-सुलटा करून बघितला. "मी न सांगता?"

"हो."

"माझ्या नावाखाली?"

मी ती ओळ काढून टाकली आणि म्हणालो, हवं असेल तर तिथं तुमची स्वतःची ओळ टाकता येते, ती कायम राहील. त्यांनी विचार केला आणि मला सांगितली, मी टाइप केली. तेव्हापासून विठ्ठलरावांच्या प्रत्येक मेलखाली असतं: 'आपला नम्र, विठ्ठल. वरील मजकूर मी स्वतः लिहिला आहे.' ही ओळसुद्धा आता फोनच लिहितो, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

हेच विठ्ठलराव रोज दुपारी जेवणानंतर फोन बंद करायचे. सकाळपासून बिचारा काम करतोय, गरम होतो, थोडा पडू द्यावा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, मग त्या वेळात आलेली मेल कशी मिळणार? ते म्हणाले, दारात थांबेल की. आणि खरंच, फोन सुरू केला की ती थांबलेलीच असायची.

एकदा त्यांचा फोन पडला. फवारणी कशी करायची ते एका शेतकऱ्याला दाखवत असताना खिशातून निघून औषधाच्या पिंपात गेला. काढला, पुसला, उन्हात ठेवला, पण तो काही पुन्हा सुरू झाला नाही. फोनचं त्यांना इतकं काही नव्हतं. पण त्यात त्यांच्या मुलीच्या मेल होत्या. मुलगी नर्सिंग शिकायला बाहेर गेलेली, बापासारखीच कमी बोलणारी. फोनवर दोघंही हं-हं करून ठेवून द्यायचे. मेलमध्ये मात्र ती लिहायची. हॉस्टेलच्या खिडकीतून काय दिसतं, आज पहिल्यांदा इंजेक्शन दिलं ते कोणाला, असं सगळं. दोन वर्षांचं लिखाण. ते पिंपात बुडालं असं समजून विठ्ठलराव माझ्यासमोर बसले होते, आणि मी नवीन फोन खोक्यातून काढत होतो.

मी त्यांना पासवर्ड टाकायला सांगितला. त्यांनी एका बोटानं टाकला. एक मिनिट काही झालं नाही. मग फोन थरथरला. मग पुन्हा. मग थांबेचना. एकावर एक मेल येत गेल्या, आणि टेबलावर ठेवलेला फोन थरथरत कडेकडे सरकायला लागला. विठ्ठलरावांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"ह्या कुठं होत्या?"

मी सांगायला लागलो की मेल फोनमध्ये नसतेच, ती दुसरीकडे ठेवलेली असते, फोनवर फक्त दिसते. त्यांचं लक्ष नव्हतं. ते सगळ्यात खालची, पहिली मेल शोधत होते. ती सापडल्यावर ते बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. माझं ऑफिस सुटलं तेव्हा ते निम्म्यापर्यंत आले होते. म्हणाले, तुम्ही निघा, मी पुढच्या बसनं जातो.

पण मेलनं खरी धावपळ करायला लावली ती पेरणीच्या दिवसांत. सोयाबीनच्या पिशव्यांचा एक लॉट आमच्याकडून निघून कुंभार पिंपळगावच्या दुकानात पोचला होता. त्यातलंच थोडं बियाणं आमच्या लॅबमध्ये दुसऱ्यांदा तपासायला लावलं होतं. त्याची उगवण कमी निघाली. थोरात साहेबांनी तिथल्या तिथं मेल लिहिली: हा लॉट थांबवा, एकही पिशवी पेरली जाऊ देऊ नका. बियाणं उगवलं नाही तर शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. साहेब केबिनच्या दारात उभे राहून पोचेची वाट बघत होते.

त्या दिवशी गावात आठवडी बाजार. विठ्ठलराव भाजी घेत होते. फोन वाजला, त्यांनी मेल वाचली, पिशवी भाजीवालीकडेच ठेवली आणि दुकानात गेले. दुकानदारानं वहीत बघून सांगितलं, सकाळी चौघांनी नेलंय. तिघं बाजारातच भेटले. चौथे होते दामूअण्णा, आणि ते पिशव्या घेऊन केव्हाच गेल्ते. त्यांचं शेत लांब, फोन लागेना. विठ्ठलराव मोटरसायकलवर निघाले. पुढं रस्त्यात चिखल होता, तिथून चालत. ते पोचले तेव्हा ट्रॅक्टर सुरू होता आणि चार ओळी पेरून झाल्या होत्या. त्यांनी लांबूनच हात हलवले.

दामूअण्णांनी ट्रॅक्टर थांबवला. विठ्ठलरावांनी धापा टाकत सगळं सांगितलं. दामूअण्णांनी विचारलं, तुला हे कधी कळलं? विठ्ठलराव म्हणाले, मेल आली, तसाच निघालो, दोन तास लागले.

"अन् ती मेल जालन्याहून यायला किती वेळ लागला?"

"लगेच आली."

दामूअण्णांनी त्यांच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघितलं. "मंग तिलाच हिकडं धाडायची व्हती ना. तू कशाला आलास?"

दुसऱ्या दिवशी त्यांना बदलीच्या पिशव्या पोचल्या आणि बाकीचं रान त्यांनी त्यातल्या बियाण्यानं पेरलं. पण आधीच्या चार ओळी मोडल्या नाहीत. मेल म्हणते ते खरं का खोटं, ते बघायचं म्हणाले. पंधरा दिवसांनी त्यांनी मुद्दाम विठ्ठलरावांना बोलावून घेतलं. सगळं रान हिरवं झालेलं, आणि मधल्या चार ओळींत कुठं कुठं एखादं रोप. दामूअण्णा बांधावर बसून त्याकडे बघत होते. म्हणाले, "तिनं शेत तर पाह्यलं न्हाई. पण खरं बोलली."

आता सुनंदा मॅडमचं सांगतो. त्या आमच्या लॅबच्या इन्चार्ज. बदनापूरला राहतात, रोज रेल्वेनं जालन्याला येतात-जातात. एक दिवस त्या माझ्याकडे फोन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, एका ठरावीक माणसाची मेल आली तर वेगळा आवाज वाजेल असं करता येतं का? मी म्हणालो, येतं. कोणता आवाज हवा? त्या म्हणाल्या, सनई.

तो माणूस म्हणजे त्यांचा धाकटा दीर, प्रकाश. त्यानं आपल्या मनानं लग्न केलं होतं. मॅडमच्या यजमानांनी, म्हणजे त्याच्या थोरल्या भावानं, त्याला या दारात पुन्हा पाऊल ठेवू नको असं सांगितलं. तो बायकोला घेऊन गेला, नंबर बदलला, आणि तीन वर्षं काही पत्ता नाही. मग एका दिवाळीला मॅडमच्या ऑफिसच्या मेलवर त्याची दोन ओळींची मेल आली. 'वहिनी, मी बरा आहे. आईला सांगा.' मॅडमनी उत्तर पाठवलं, पुन्हा एक पाठवलं. त्यावर काही आलं नाही.

त्यांच्या सासूबाईंना त्या आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंना वाचता येत नाही. घरात ही गोष्ट या दोघींनाच माहीत होती. मॅडमनी त्यांना सांगून ठेवलं, फोनमध्ये सनई वाजली की समजा प्रकाशची मेल. त्यानंतर वर्ष झालं, सनई वाजली नाही. आत्याबाई मधून मधून म्हणायच्या, ती वाजते तरी का, एकदा बघ. मग मॅडम सेटिंगमध्ये जाऊन त्यांना वाजवून दाखवायच्या. वाजते, असं बघून आत्याबाई पुन्हा कामाला लागायच्या.

एक दिवस मॅडम फोन घरीच चार्जिंगला विसरून आल्या. दुपारी त्यांनी माझ्या टेबलावरून घरच्या लँडलाइनवर फोन लावला, तर कोणी उचलेना. दर अर्ध्या तासानं लावत होत्या. आत्याबाई कधी घराबाहेर जात नाहीत, आणि यजमान कामावर. मॅडमचं लॅबमध्ये लक्ष लागेना. संध्याकाळची गाडी त्यांनी कशीबशी गाठली.

गाडी बदनापूरला थांबली आणि त्या उतरल्या, तर समोरच्या बाकावर आत्याबाई बसलेल्या. मॅडमना वाटलं, घरी काहीतरी झालं. आत्याबाईंनी पदरात गुंडाळलेला फोन काढून त्यांच्या हातात दिला.

"दुपारी वाजली," त्या म्हणाल्या.

जेवायच्या वेळेपासून त्या तिथं बसून होत्या. निघताना शेजारीण म्हणाली होती, द्या इकडं, मी वाचून दाखवते. आत्याबाईंनी दिला नाही. सुनंदाच्या नावानं आलीये, तिनंच फोडावी, असं म्हणाल्या.

मॅडमनी तिथंच उभ्या उभ्या मेल उघडली आणि वाचून दाखवली. प्रकाशला मुलगी झाली होती. तिला आईला दाखवायला आणावं असं वाटतंय, दादाला चालेल का तेवढं विचारून कळवा, असं त्यानं लिहिलं होतं.

आत्याबाई म्हणाल्या, "परत वाच."

मॅडमनी परत वाचली. मग आत्याबाई म्हणाल्या, "दादाला काय इचारायचं? लिही, कोणत्या गाडीनं येतो ते कळव. आई ठेसनावरच बसून हाये."

मॅडमनी तसंच लिहिलं आणि पाठवलं. म्हणाल्या, चला आता, अंधार पडेल. आत्याबाई उठल्या नाहीत. गाडीतून उतरलेली माणसं निघून गेली, प्लॅटफॉर्म मोकळा झाला, तरी त्या उठल्या नाहीत. मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या.

थोड्या वेळानं मॅडमचे यजमान आईला शोधत स्टेशनात आले. घराला कुलूप, शेजारणीनं सांगितलं इकडं गेल्या. त्यांनी दोघींना बघितलं आणि विचारलं, इथं काय करताय? मॅडमनी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी मेल वाचली. खाली मॅडमनी पाठवलेलं उत्तरही वाचलं. आणि फोन हातात तसाच धरून ते रुळांकडे बघत उभे राहिले.

आत्याबाई बाकावर थोड्या सरकल्या आणि त्यांनी पदरानं शेजारची जागा पुसली.

"बस," त्या म्हणाल्या. "त्याची मेल येणार हाये."